मधल्या खोलीतले आढाव सर

आढाव सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले, त्या दिवशी मी त्यांना बाहेरची वाट दाखवायच्या बेतात होते. लग्नसराईचे दिवस होते. डोंबिवली पूर्वेला माझं छपाईचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. त्यात दोन कॉम्प्युटर, एक कटिंग मशीन, कागदाचे गठ्ठे आणि मी. गिऱ्हाइकाने स्टुलावर बसावं, प्रूफ बघावं, सही करावी आणि निघावं, एवढीच माझी अपेक्षा असते. हे गृहस्थ स्टुलावर बसेनात. सोळा पानांचं प्रूफ हातात घेऊन दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने वाचायला लागले. मोठ्याने म्हणजे शेजारच्या मिक्सर दुरुस्तीवाल्याने मान बाहेर काढून बघावं इतक्या मोठ्याने. मध्येच एका ठिकाणी त्यांनी गुडघे वाकवले. टेकले नाहीत, नुसते वाकवले. तशा अर्धवट अवस्थेत चार ओळी वाचल्या आणि पुन्हा सरळ झाले.

"काका, बसून वाचा ना," मी म्हटलं. "मनात वाचलं तरी चुका सापडतात."

"ताई, हे बसून म्हणायचं नाहीये. उभं राहून म्हणायचंय. मग बसून तपासून कसं चालेल? श्वास कुठे तुटतो ते बसून कळत नाही."

"आणि मध्येच वाकलात ते?"

"तिथे गुडघे टेकायचेत. गुडघे टेकले की माणसाचा आवाज बारीक होतो, लांब वाक्य पुरत नाही. हे बघा, इथे एक स्वल्पविराम हवा."

मी स्वल्पविराम घातला. पुढची बावीस वर्षं घालत राहिले.

ते कल्याणच्या एका जुन्या दगडी देवळात वाचक होते. देऊळ हा त्यांचाच शब्द. चर्च म्हणायचे तेही, पण घाईत देऊळच. ब्रिटिशांच्या वेळी रेल्वेतल्या साहेबांसाठी बांधलेलं, नंतर मराठी ख्रिस्ती मंडळींकडे आलेलं. वाचक म्हणजे पाद्री नव्हे. पाद्री दर तीन-चार वर्षांनी बदलायचे, हे तिथेच असायचे. उपासना चालवायला मदत करणं, शास्त्रपाठ वाचणं, आणि वर्षातून सहा-सात वेळा सणासुदीच्या उपासनेची पुस्तिका तयार करून माझ्याकडे आणणं ही त्यांची कामं. नोकरी रेल्वेत, ड्राफ्ट्समनची. म्हणजे शिक्षक ते कधीच नव्हते. पण रविवारच्या शाळेत त्यांनी एवढ्या पोरांना शिकवलं होतं की अर्धी रेल्वे कॉलनी त्यांना सर म्हणायची, मग मीही म्हणायला लागले.

त्यांचं हस्ताक्षर नकाशावरच्या अक्षरांसारखं होतं, एकसारखं आणि किंचित उजवीकडे झुकलेलं. मजकुरापेक्षा समासात जास्त लिहायचे. "ही ओळ पान उलटताना तोडू नये. लोक पानं उलटतात तेव्हा देवाचं नाव अर्धवट राहतं." "येथे उद्गारचिन्ह नको. प्रभू ओरडत नाही." मी सत्यनारायणाच्या पत्रिकेपासून पतपेढीच्या अहवालापर्यंत सगळं छापते. इतकं भांडखोर प्रूफ माझ्याकडे दुसरं कुणाचंच येत नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, प्रार्थनाच आहे ना? देवाला एक काना इकडे-तिकडे चालत असेल."

त्यांनी प्रूफ खाली ठेवलं. अशा वेळी ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे.

"परबताई, तुम्हाला आमचा धर्म काय सांगतो ते बघायचं असेल तर जाडजूड ग्रंथ उघडून उपयोग नाही. आमच्याकडे सिद्धांत प्रार्थनेतच घालून ठेवलाय. आम्ही काय मानतो असं कुणी विचारलं, तर आम्ही म्हणतो, रविवारी या आणि आम्ही काय म्हणतो ते ऐका. म्हणून तुमच्या दुकानात काना चुकला तर ती छपाईची चूक नसते."

"मग काय असते?"

"पाखंड."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मी दोन मिनिटं हसू की घाबरू अशी बसले.

मला सुरुवातीला ते कॅथलिक वाटले होते. मजकुरात बिशप होते, मेणबत्त्या होत्या, पाद्र्याने कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचा पट्टा गळ्यात घालायचा तेही होतं. मी तसं विचारलं तर म्हणाले, "हो आणि नाही." माझ्यासारखीला असलं उत्तर चालत नाही. एक काय ते सांगा म्हटलं.

"तुम्ही चाळीत राहिलाय ना?"

"लग्न होईपर्यंत. इथेच, रामनगरला."

"मग सोपं आहे. एका मजल्यावर तीन खोल्या धरा. अलीकडच्या खोलीत कॅथलिक. त्यांच्याकडे पोप, बिशप, धूप, सगळं ठरलेलं, हजार वर्षांपासूनची भांडी फडताळावर मांडलेली. पलीकडच्या खोलीत आमच्या हिच्या माहेरचे. नगरकडचे, अमेरिकन मिशनवाले. त्यांच्याकडे शास्त्र आणि प्रवचन. फडताळ रिकामं. भिंतीवर चित्र नाही, मेणबत्ती लावायची तर वीज गेली पाहिजे. आणि मधल्या खोलीत आम्ही, अँग्लिकन. बिशप इकडचा ठेवला, शास्त्र तिकडचं घेतलं. पोप नाही, पाद्र्याला बायको आहे. दोन्ही भिंतींतून आवाज येतात. इकडचे म्हणतात तुम्ही घर सोडून गेलात, तिकडचे म्हणतात तुम्ही अजून नीट बाहेरच पडला नाहीत."

"आणि नळ?" मी विचारलं. चाळीत राहिलेल्या माणसाला पहिला प्रश्न नळाचाच पडतो.

सर एवढे खूश झाले की त्यांनी मिक्सरवाल्यासाठीही चहा मागवला. "नळ तिघांचा एकच! बाप्तिस्मा. एकीकडे पाणी घेतलेलं दुसरीकडे गेल्यावर पुन्हा घ्यावं लागत नाही. ताई, तुम्ही आमच्या पाद्र्यांच्या कॉलेजात जायला हवं होतं."

कागदोपत्री म्हणे आता अँग्लिकन वगैरे राहिलेलं नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी कॅथलिक सोडून बऱ्याचशा मंडळ्या, म्हणजे चर्चेस, एकत्र येऊन एकच मंडळी झाली. पण सवयी कागदाचं ऐकत नाहीत. त्यांच्या देवळात भिंत पाडून मधली आणि पलीकडची खोली एक केली होती, आणि लोक अजून आपापल्या बाजूलाच चटया टाकत होते. जिच्यावर भाकर आणि द्राक्षारस ठेवतात तिला निम्मे लोक वेदी म्हणत, निम्मे मेज. वेदी म्हटलं की तिथे अर्पण होतं. मेज म्हटलं की तिथे जेवण. हा साधा फरक वाटतो, पण त्यावरून कमिटीच्या मीटिंगा उठून गेलेल्या आहेत. सरांच्या घरातही तेच. सुमतीकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, मेज म्हणायच्या. सर वेदी म्हणायचे. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा काकू वरणाचं पातेलं ठेवता ठेवता म्हणाल्या, "यांच्या वेदीवर तीस वर्षं मीच भाकरी अर्पण करतेय, त्याचं एक अक्षर तुमच्या पुस्तिकेत नाही आलं कधी."

त्या भाकरीचंही मी एकदा विचारलं होतं. म्हणजे देवळातल्या. ती खरंच प्रभूचं शरीर होते, की नुसती आठवण? सर म्हणाले, अलीकडच्या खोलीत म्हणतात होते. पलीकडच्या खोलीत म्हणतात आठवण.

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे म्हणतात, घ्या आणि खा." चष्मा पुसत पुढे म्हणाले, "आम्ही गुडघे टेकून घेतो आणि जास्त चौकशी करत नाही. कुणी आईच्या हातचं खाताना विचारतं का, यात तू आहेस की नाहीस?"

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तीही त्या मेजेचीच आहे. एका वर्षी नवे पाद्री आले. त्यांना सगळीकडे वेदी हवं होतं. कापणीच्या सणाची पुस्तिका छापायची होती, मागच्या वर्षीची फाइल माझ्याकडे तयार होती. सरांचा फोन आला, "ताई, मेज आहे तिथे वेदी करा. बाकी तेच." त्या दिवशी माझ्यासमोर तीन लग्नपत्रिका आणि एका शाळेचा अंक पडलेला. मी कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे जिथे मेज तिथे तिथे वेदी. एका बटणात काम. प्रूफ बघायला सर येणार होते, त्यांना ताप आला. मी म्हटलं, एका शब्दाचा तर बदल, काय बघायचंय. दीडशे प्रती पाठवून दिल्या.

रविवारी दुपारी फोन.

"परबताई, मेजवानी या शब्दात पहिली दोन अक्षरं कोणती?"

मी सांगता सांगता गप्प झाले.

"आज आमच्याकडे दीडशे माणसांनी मोठ्याने म्हटलं, प्रभू आम्हाला आपल्या वेदीवानीस बोलावतो. एकानेही थांबून विचारलं नाही. पाद्रीसाहेबांनीही नाही."

मी म्हटलं, सर, माझी चूक, परत छापून देते. तर पलीकडून हसू ऐकू आलं. ते फार क्वचित आवाज करून हसायचे.

"छे छे. राहू द्या. वेदी की मेज यावरून आमच्याकडे पन्नास वर्षं भांडतायत. तुम्ही एका बटणात मिटवलंत."

पुढे त्यांच्या घरी जेवायचं बोलावणं यायचं ते वेदीवानीचंच.

मी त्यांच्याबद्दल हे सगळं लिहितेय त्याचं कारण मात्र वेगळं आहे. कारण आहे त्यांच्या मुलीचं लग्न.

कृपा त्यांची एकुलती एक. ठाण्यात एका खाजगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. तिथेच लॅबमध्ये मेल्विन परेरा काम करायचा. मूळचे वसईकडचे कॅथलिक, आता बाळकुमच्या एका टॉवरमध्ये राहायला. मुलगा चांगला, घर चांगलं. सरांना काही हरकत नव्हती. अलीकडच्या खोलीतली सोयरीक आली एवढंच. बापलेक पत्रिका पसंत करायला माझ्याकडे आले, तेव्हा मला कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही.

लग्न ठाण्याच्या कॅथलिक चर्चमध्ये ठरलं होतं. मेल्विनच्या आईला, फिलोमिनाबाईंना, लग्न मिस्सेसकट हवं होतं. मिस्सा म्हणजे त्यांची पूर्ण उपासना, भाकर देण्याघेण्यासकट. आणि त्यांच्या मिस्सेत भाकर फक्त कॅथलिकांना देतात. म्हणजे आपल्याच लग्नात मेल्विन पुढे जाऊन भाकर घेणार आणि नवरी बाकावर बसून राहणार. तिथल्या फादरनी सांगितलं होतं की अशा लग्नात मिस्सा नसलेलीच बरी, प्रार्थना आणि शपथा पुरतात. मिस्सा हवीच असेल तर बिशपांकडून खास परवानगी काढावी लागेल. फिलोमिनाबाई म्हणाल्या, काढू.

कृपाने पत्रिकांचा अल्बम मिटला. "बाबा, एवढा घोळ कशाला? मी होते ना कॅथलिक. फादर म्हणाले, पुन्हा बाप्तिस्मा पण लागत नाही. थोडे क्लास आणि एक विधी."

सरांनी अल्बम पुन्हा उघडला.

"तुम्हीच म्हणता ना, तीन खोल्या, नळ एक. मग मी भिंतीपलीकडे राहायला गेले तर बिघडलं काय? मधल्या खोलीतून कुठेही जाता येतं."

मी उगाच कटिंग मशीनपाशी जाऊन कोरे कागद कापत बसले. दुकान दहा बाय बाराचं, कान कुठे ठेवणार?

"कृपा, मधली खोली ही खोली आहे," सर म्हणाले. "पॅसेज नव्हे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे माणसं राहतात. तुझे आजोबा तिथे राहिले, मी राहिलो. पलीकडे जायचा रस्ता म्हणून ती बांधलेली नाही. तुला त्यांचं पटलं असेल तर जरूर हो कॅथलिक. मी स्वतः तुला दारापर्यंत सोडायला येईन, आणि तिथेच उभा राहून बघेन. पण बाकावर बसायला नको म्हणून होऊ नकोस. त्यात त्यांचाही अपमान आहे."

"मग बसू बाकावर? माझ्याच लग्नात? सगळ्यांसमोर?"

सरांनी चष्मा काढला. चष्मा पुसून झाला तरी पुसतच राहिले. बावीस वर्षांत एवढी एकच वेळ मी पाहिली, की आढाव सरांना काय छापायचं ते सांगता आलं नाही. पत्रिका पसंत न करताच दोघं गेली.

आठवड्याने सरांचा फोन आला. फिलोमिनाबाईंनी मिस्सेची संहिता दिली आहे, पुस्तिका तुमच्याकडेच करायची, त्या स्वतः प्रूफ बघायला येतील. मी म्हटलं, मिस्सेसकट? म्हणाले, "हो. त्यांनी दिलंय तसंच लावा. काही बदलू नका." मला ते आवडलं नाही. मी असते तर भांडले असते. पण काम काम असतं. मी बत्तीस पानं लावून ठेवली.

शनिवारी सकाळी सर आधी येऊन थांबले, मग फिलोमिनाबाई आल्या. उंच, काठापदराची साडी, हातात भली मोठी पर्स, स्टुलावर बसायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"हे बघा सर, मी सरळ सांगते. कृपा मला लेकीसारखी आहे. माझं काही वाकडं नाही. पण आमच्यात मिस्सा नाही म्हणजे अर्धं लग्न. वसईहून आमचे शंभर लोक येणार. म्हणतील फिलोमिनाने पोराचं लग्न कोर्टात लावलं की काय."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "आपण प्रूफ बघू या?"

आणि ते नेहमीसारखे मधोमध उभे राहिले. फिलोमिनाबाई क्षणभर बघत राहिल्या. मग पर्स माझ्या टेबलावर ठेवून त्याही उठल्या. सर धर्मगुरूंची वाक्यं वाचत होते, लोकांची उत्तरं त्या देत होत्या, तोंडपाठ. दोघांचा सूर हळूहळू जुळला. सर मध्येच थांबून त्यांना विचारायचे, "तुमच्यात ख्रिस्तसभा म्हणतात, आमच्यात मंडळी. इथे ख्रिस्तसभाच ठेवू ना?" त्या म्हणायच्या, ठेवा. "आणि विश्वासाच्या कबुलीत आम्ही पवित्र सार्वत्रिक मंडळी म्हणतो, तुम्ही पवित्र कॅथलिक ख्रिस्तसभा. मूळ शब्द एकच आहे, कॅथलिक म्हणजेच सार्वत्रिक. तुमचाच ठेवू." त्या खूश. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, भाकरीपर्यंत आले. तिथे तिरक्या अक्षरांत सूचना होती: वर व वधू वेदीजवळ जातात.

सर थांबले.

"ही सूचना बदलायला हवी. वर वेदीजवळ जातो, असं. एकवचन करा ताई." मी केलं. "आता वधूचं काय छापायचं?"

सर फिलोमिनाबाईंकडे वळले.

"परेराबाई, तुम्ही सांगा. वधू बसून राहते, असं घालू? की वधू जागेवर उभी राहते?"

"असं कुठे छापतात का?" फिलोमिनाबाई म्हणाल्या.

"छापायला हवं. नाहीतर ऐन वेळी तिला कळणार नाही. लोकांनाही कळणार नाही तिच्याकडे बघायचं की नाही." त्यांचा आवाज स्वल्पविरामाबद्दल बोलताना असायचा तसाच होता, तसूभरही इकडे-तिकडे नाही. "अंदाजे चार-पाच मिनिटं लागतात सगळ्यांना देऊन व्हायला. तेवढा वेळ तिने काय करायचं, एवढंच हवंय. एक ओळ."

फिलोमिनाबाई स्टुलावर बसल्या.

"सर, तुम्ही मला टोमणा मारताय."

"नाही हो. प्रूफ बघतोय."

शेजारी मिक्सर फिरत होता, तो बंद झाला. बाई माझ्या स्क्रीनकडे बघत होत्या. स्क्रीनवर एवढंच होतं: वर वेदीजवळ जातो. आणि पुढे कर्सर लुकलुकत होता.

"माझ्या लग्नातलं मला दुसरं काहीसुद्धा आठवत नाही," त्या म्हणाल्या. "कोण आलेलं, काय जेवलो, काही नाही. मेल्विनचे डॅडी आणि मी उठून पुढे गेलेलो, बरोबर, तेवढंच आठवतं. ते आता नाहीत. मेल्विनला तेवढं मिळावं, बस. म्हणून मिस्सा मिस्सा करत होते." मग एकदम म्हणाल्या, "हा एकटाच जाणार ना पुढे?"

"हो."

"एकटा उठून जाईल. तिला तिथे सोडून."

"तसाच नियम आहे. नियम वाईट मनाने केलेला नाही," सर म्हणाले. "तुमचं म्हणणं, एका ताटात जेवायचं तर आधी एका घरात यावं. ते मला कळतं."

"तुम्हाला कळतं हो. मलाच नव्हतं कळलेलं." त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं, जोरात. "ताई, काढ ती मिस्सा. फादर म्हणत होते तसंच करू. दोघं एकत्र उभी राहतील, एकत्र बसतील."

मी बत्तीसची वीस पानं केली. आपण काही हरलो आहोत असं न वाटण्यासाठी माणसाला काहीतरी परत मिळावं लागतं, तसं असेल, जाता जाता फिलोमिनाबाई म्हणाल्या, "मग तुमच्या त्या प्रभूच्या प्रार्थनेचं शेपूट तरी काढा. आमचे लोक 'वाइटापासून सोडव, आमेन' म्हणून थांबणार आणि तुमचे कल्याणवाले राज्य, पराक्रम करत पुढे जाणार. लग्नात कसं दिसतं ते!"

ही त्या दोन खोल्यांमधली जुनी गंमत मला सरांमुळेच माहीत होती. एकच प्रार्थना, पण सरांकडचे शेवटी, राज्य, पराक्रम, गौरव ही तुझीच, अशी एक ओळ जास्त म्हणतात. कॅथलिकही ती ओळ म्हणतात, पण मिस्सेत, आणि थोडं थांबून, फादरची एक वेगळी प्रार्थना झाल्यावर. मिस्सा काढली तरी ती ओळ प्रूफमध्ये राहून गेली होती. सरांनी प्रूफ हातात घेतलं. ज्या माणसाने माझ्याशी एका अनुस्वारासाठी पाऊण तास वाद घातला होता, त्याने ती अख्खी ओळ खोडली. 'सोडव' पुढे पूर्णविराम दिला, आमेन लिहिलं.

"तसंही सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाहीच," ते माझ्याकडे बघत म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं. मग वळून म्हणाले, "झालं, विहीणबाई. शब्द दिला."

विहीणबाई हा शब्द त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वापरला.

त्या गेल्यावर मी विचारलं, "सर, खरं सांगा. वधूचं काय छापायचं, ते तुम्ही मुद्दाम विचारलंत ना?"

"सूचना खरंच अपुरी होती, ताई," सर म्हणाले. याउप्पर मला कधी काही कळलं नाही. मी दोनदा खोदून पाहिलं, दोन्ही वेळा हेच उत्तर. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही दुसरं ठाऊक नसावं. जे आहे ते नीट, पूर्ण, मोठ्याने वाचायचं. चूक असेल तर ती आपोआप ऐकू येते, एवढाच त्यांचा भरवसा होता.

लग्नाला मी गेले. सहसा जात नाही, पत्रिका छापली म्हणून प्रत्येकाकडे जायचं तर दुकान बंद करावं लागेल. पण या पुस्तिकेची चिंता होती. कल्याणहून एक बस आली होती, वसईहून दोन. चर्चमध्ये शिरतानाच कुठली माणसं कुठली ते ओळखू येत होतं. वसईवाले दारातल्या पाण्यात बोटं बुडवून कपाळाला लावत होते, कल्याणवाले त्या पाण्याला वळसा घालून आत जात होते. सुमतीकाकूंनी पुस्तिका घेतली आणि न उघडता पर्समध्ये टाकली. "आम्ही छापील बघून देवाशी बोलत नाही," त्या मला म्हणाल्या. "तुमच्यावर राग नाही हं ताई."

शपथा झाल्या. कृपाचा आवाज खणखणीत, मेल्विनचा घोगरा. कल्याणचे पाद्रीही वेदीजवळ उभे होते, त्यांनी आशीर्वाद दिला. मग सगळे उभे राहिले आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली. चारशे माणसं एका सुरात. मी पुस्तिकेतल्या ओळीवर बोट ठेवून होते. वाइटापासून सोडव. पूर्णविराम. आमेन. वसईवाले थांबले. मीही मनात सुटले म्हटलं.

आणि सुमतीकाकूंचा आवाज पुढे गेला. पुस्तिका पर्समध्येच होती ना. राज्य, पराक्रम... मग त्यांच्या मागच्या बाकावरून दोन-तीन बायका, मग सगळं कल्याण. सवयच ती, थांबणार कशी? मी सरांकडे बघितलं. ते पहिल्या रांगेत उभे होते, ओठ घट्ट मिटलेले. आयुष्यभर म्हटलेली ओळ त्यांच्या आजूबाजूने वाहत होती आणि ते शब्द दिलेल्या माणसासारखे गप्प होते.

पलीकडच्या रांगेत फिलोमिनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग समोर बघत त्यांनी ती ओळ म्हणायला सुरुवात केली. त्यांचे शब्द कल्याणवाल्यांच्या शब्दांशी एका ठिकाणी जुळत नव्हते, एका ठिकाणी त्या अर्धा श्वास मागे पडल्या, पण म्हणत राहिल्या. वसईच्या एक-दोघींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि त्याही म्हणायला लागल्या. म्हणता म्हणता फिलोमिनाबाई सरांना हाताने खुणावत होत्या, म्हणा ना, म्हणा. सरांनी हसून मान हलवली. नाही.

लग्नानंतर महिन्याभरात सर आणि काकू नाशिकला त्यांच्या जुन्या घरी राहायला गेले. अजून फोन येतो, आता तिथल्या मंडळीच्या पुस्तिकेचं प्रूफ मोबाइलवर मागवतात. प्रत्यक्ष मात्र मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या लग्नातच. दुसऱ्यांदा आमेन झालं. फादर लोकांना म्हणाले, बसा. सगळी माणसं बसली, बाकांचा आवाज झाला. सर तेवढे उभे राहिले होते, पुस्तिका बंद करून, पुढे बघत. पुढे मेल्विन आणि कृपा शेजारी शेजारी उभी होती. मग ती दोघं एकदम बसली, आणि त्यानंतर सर बसले.